वसंताची चाहूल परसात: आधी पाहू, मग पाणी घालू

परसबागेच्या आपल्या गप्पांमध्ये आजचा विषय आहे वसंताची चाहूल. थंडी सरत आली आहे, ऊन अजून कडक झालेलं नाही, अशा या दिवसांत घरामागची झाडं काय सांगतात आणि ते ओळखून आपण काय करायचं, ते आज पाहू.

तुम्ही म्हणाल, वसंत आला हे काय सांगावं लागतं? पळस लाल झाला, कोकीळ ओरडू लागला की कळतंच. खरं आहे. पण माळावरचा पळस लांबून लाल दिसतो तोवर परसातल्या कामाचे बरेच दिवस निघून गेलेले असतात. आंब्याचा डोळा फुगणं, कोथिंबिरीचं पान बारीक होणं, लिंबाला पोपटी पालवी येणं या खुणा त्याच्या आधी दिसू लागतात. त्या लहान असतात, म्हणून नजरेतून सुटतात.

त्या लहान खुणांवर आपलं पाणी अवलंबून आहे. आतापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत जवळजवळ चार महिने परसाला हंडा-कळशीनं मोजून पाणी घालायचं आहे. विहीर खाली जाणार, नळाला कमी वेळ पाणी येणार, काही गावांत टँकरची वाट पाहावी लागणार. अशा वेळी सगळ्या झाडांना सारखं पाणी घातलं तर पाणी पुरत नाही आणि फळही नीट मिळत नाही. कारण या दिवसांत काही झाडांना पाणी हवं असतं, काहींना थोडे दिवस नको असतं आणि काहींचं आयुष्यच संपत आलेलं असतं. कोणतं झाड कोणत्या गटात आहे, हे ते झाडच दाखवतं.

पंचांगातला वसंत आणि झाडाचा वसंत

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. माघ-फाल्गुन हे शिशिराचे, पानगळीचे. पण गंमत बघा, वसंत पंचमी येते माघात. म्हणजे शिशिर चालू असतानाच आपण वसंताचं नाव घेतो. जुन्या लोकांनाही चाहूल आधी लागत होती, हेच यातून दिसतं.

मग सणाच्या तारखेवरून परसातली कामं ठरवावीत का? तसं नेमकं जमत नाही. आपले महिने चंद्रावर चालतात आणि अधिक महिन्यामुळे सण मागेपुढे होतात. गुढीपाडवा २०२३ साली २२ मार्चला होता आणि २०२४ साली ९ एप्रिलला. वसंत पंचमी २०२४ मध्ये १४ फेब्रुवारीला आली आणि २०२६ मध्ये २३ जानेवारीला. अडीच-तीन आठवड्यांचा फरक. भेंडीचं बी काही सण बघून उगवत नाही. त्याला माती उबदार लागते.

झाडाला ऋतू कळतो तो तीन गोष्टींवरून. पहिली गोष्ट दिवसाची लांबी. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सर्वांत लहान दिवस असतो. तिथून पुढे दिवस वाढू लागतो. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो, असं आपण म्हणतो ते यामुळेच. दुसरी गोष्ट रात्रीचा गारवा. आणि तिसरी, मुळाशी असलेली ओल. या तीन गोष्टी प्रत्येक झाड आपापल्या स्वभावाप्रमाणे जोखतं. आंब्याला मोहोरासाठी गार रात्री लागतात. कोथिंबीर मात्र उबदार, मोठा दिवस आला की पानं सोडून फुलांच्या मागे लागते. म्हणून एकाच परसात, एकाच आठवड्यात एक झाड सुरुवात करत असतं आणि दुसरं आवरतं घेत असतं.

आपल्या राज्यातही सगळीकडे एकदम वसंत येत नाही. कोकणात आंब्याचा मोहोर नोव्हेंबर-डिसेंबरातच दिसू लागतो. देशावर तो बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो. नागपूरकडे संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो. म्हणून आज आम्ही तारखा कमी सांगू आणि खुणा जास्त. खूण दिसली की काम करायचं, मग तारीख कोणतीही असो.

पहिली खूण घरातच: खोबरेल तेल

बाहेर पडण्याआधी घरात बघा. खोबरेल तेलाची बाटली हा आपल्या घरातला फुकटचा थर्मामीटर आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. थंडीत सकाळी वेणी घालायच्या आधी बाटली उन्हात ठेवावी लागते. ज्या आठवड्यात सकाळी उठल्याबरोबर तेल पातळ मिळू लागतं, त्या आठवड्यात घरातली रात्रीची थंडी सरली असं समजा. याच सुमाराला विरजणही लवकर लागू लागतं. थंडीत दुपारपर्यंत न लागणारं दही आता सकाळीच घट्ट मिळतं.

ही खूण उन्हाळी भाज्यांच्या पेरणीची. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं, दुधी या सगळ्यांना उबदार माती लागते. गार मातीत बी पडून राहतं, कुजतं, नाहीतर मुंग्या नेतात. तेल पातळ राहू लागलं की भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी टोबा. फार उशीरही करू नका. रोप लहान असतानाच कडक ऊन लागलं तर त्याला जगवायलाच जास्त पाणी जातं. मार्चच्या उन्हाआधी मुळं खोल गेली पाहिजेत.

कोथिंबीर आणि मेथी: निरोपाची खूण

आता वाफ्याकडे चला. कोथिंबिरीची पानं नीट बघा. खालची पानं रुंद आणि वरची नवी पानं शेपूसारखी बारीक दिसू लागली, की कोथिंबीर फुलावर येणार हे नक्की. मेथीचा दांडा उंच होतो, पान लहान होतं, चव कडवट होते आणि मग फुलं दिसतात. पालकाचाही मधला दांडा वर येतो.

इथं आपण सगळ्या बायका एक गोष्ट करतो. भाजी जाऊ नये म्हणून आणखी पाणी घालतो. पण फुलावर आलेली कोथिंबीर पाण्यानं परत पानावर येत नाही. तिचा काळ झालेला असतो. म्हणून ही खूण दिसली की दोन कामं करायची. वाफ्यातली बरीचशी भाजी काढून वापरायची, वाटायची, मेथी सुकवून ठेवायची. आणि प्रत्येकीची चार-पाच सर्वांत जोमदार रोपं बियांसाठी राखायची. तेवढ्यांनाच पाणी. बाकीच्या वाफ्याचं पाणी वाचलं, ते नव्या भेंडीला.

कोथिंबिरीची पांढरी फुलं परसाला आणखी एक देणं देतात. त्या फुलांवर लहान माश्या, ढालकिडे येतात. ढालकिडा म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो गोल किडा. ढालकिडे मावा खातात, आणि फुलांवर येणाऱ्या काही माश्यांच्या अळ्याही मावा खातात. म्हणजे वालावरचा मावा आवरायला आलेले हे मजूरच. त्यांना मजुरी म्हणून चार फुलं राहू द्या.

वाल, पावटा, घेवडा यांच्या वेलीवरही आता शेवटच्या शेंगा असतील. सर्वांत चांगल्या वेलीच्या चांगल्या शेंगा खाण्यासाठी तोडू नका, त्या वेलीवरच वाळू द्या. मग बी काढून कडक उन्हात वाळवा, गार होऊ द्या, चुलीची चाळलेली राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. राखेमुळे भुंगा लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना आपण सगळ्या 'बीजमाता' म्हणून ओळखतो. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम अशाच घरच्या बियाण्यापासून उभं राहिलं. बी राखायचं कोणतं, हे ठरवायची वेळ हीच. आता खाऊन टाकलं तर जूनमध्ये दुकानात जावं लागतं.

आंबा: धीर धरायचं झाड

परसात किंवा बांधावर आंबा असेल तर फांदीच्या टोकाकडे बघा. टोकाचा डोळा फुगलेला दिसतो. त्यातून तांबूस पालवी येणार की मोहोर, ते थोड्याच दिवसांत कळतं. डोळे फुगायच्या आधी आणि फुगत असताना झाडाला भरपूर पाणी मिळालं तर झाड पालवीकडे वळतं आणि मोहोर कमी येतो. म्हणून न्हाणीचं पाणी बारा महिने आंब्याच्या आळ्यात सोडलेलं असेल तर थंडीत ते दुसरीकडे वळवायचं. या काळात आंब्याला पाणी न देणं म्हणजे त्याचे हाल करणं नव्हे. मोठ्या आंब्याची मुळं खोल असतात.

मोहोर आला की मन भरून येतं, आणि मग तो गळू लागला की जीव खालीवर होतो. पण बघा, एका मोहोरात शेकडो फुलं असतात, कधी हजाराच्याही वर. त्यातली बरीच नर फुलं असतात, त्यांना फळ धरतच नाही. एका मोहोरावर शेवटी एखाद-दोन आंबे टिकले तरी झाडानं आपलं काम केलं. तेव्हा अंगणात फुलांचा सडा पडला म्हणून लगेच औषधाच्या दुकानात धावू नका.

मोहोरात खरोखर बघायच्या गोष्टी दोन. एक, तुडतुडे. मोहोराची फांदी हलवली की पाचरीच्या आकाराचे बारीक किडे भराभर उडतात. खालची पानं चिकट, चमकदार होतात आणि पुढं त्यावर काळी काजळी चढते. दुसरी, भुरी. ढगाळ हवा आणि दमट गारवा असला की मोहोरावर पांढरी भुकटी टाकल्यासारखी दिसते आणि मोहोर करपतो. यातलं काही दिसलं तर मोहोराचा तुकडा आणि पान घेऊन कृषी सहायकांना दाखवा आणि ते सांगतील तेच, तेवढंच औषध वापरा. फुलं पूर्ण उमललेली असताना फवारणी टाळा. आंब्याला फळ धरतं ते माश्या आणि इतर किडे परागकण इकडून तिकडे नेतात म्हणून. त्यांनाच मारलं तर मोहोर राहील आणि आंबे राहणार नाहीत.

मग आंब्याला पाणी कधी? कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की. ही खूण पक्की ध्यानात ठेवा. तोवर धीर, आणि तिथून पुढं पाणी. मोठ्या झाडाला पंधरा दिवसांतून एकदा दीडशे-दोनशे लिटर, असं तीन-चार वेळा मिळालं तर फळगळ कमी होते. पाणी खोडाशी ओतू नका, फांद्यांच्या घेराखाली आळं करून द्या. अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं तिथं असतात.

लिंबू आणि कढीपत्ता: पालवी आणि पाहुणे

लिंबाला वर्षात तीन बहार येतात. मृग, हस्त आणि आंबे बहार. आताचा तो आंबे बहार. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, थोडी गळतात. मग शेणखत घालून आधी हलकं पाणी आणि पुढं वाढतं पाणी द्यायचं. झाड एकदम पोपटी पालवी आणि फुलं काढतं. मोरीचं पाणी सतत मिळणाऱ्या लिंबाला ताण बसत नाही, म्हणून त्याला फुलं येतात ती वर्षभर थोडी थोडी. घरच्या वापराला तेही चालतं. पण गटाला लिंबं विकायची असतील, लोणचं घालायचं असेल, तर एकदम बहार आलेला बरा.

लिंबाची पालवी आली की दोन पाहुणे येतात. पानावर चंदेरी, नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी. पान आकसतं. थोड्या पानांवर असेल तर तेवढी पानं खुडून टाका. दुसरा पाहुणा म्हणजे पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी. ती मोठी झाली की हिरवीगार होते, आणि हात लावला की डोक्यावर लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. घाबरू नका, ती चावत नाही. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. कढीपत्त्यावरही हीच येते. लहान झाड असेल तर ती दोन दिवसांत पालवी फस्त करते. रोज सकाळी पानं उलटून बघा आणि अळ्या हातानं वेचा. गावात बेलाचं झाड असेल तर चार अळ्या तिथं सोडा. बेलही त्याच कुळातलं झाड. फुलपाखरूही जगेल आणि आपला कढीपत्ताही.

कढीपत्ता थंडीत रुसलेला असतो, पानं पिवळी पडतात. टोकाला तांबूस-हिरवे कोंब दिसले की शेंडे छाटा, एक पाटी शेणखत घाला आणि मग पाणी सुरू करा. छाटलेल्या ठिकाणी दोन-तीन फांद्या फुटतात, म्हणजे उन्हाळाभर फोडणीला पानं.

शेवगा, मोगरा आणि तुळस

शेवग्याला पांढरट फुलांचे घोस लागले की झाडाखाली दोन मिनिटं उभं राहा. मधमाश्यांचा गुंजारव ऐकू येतो. चिमुकला शिंजीर, म्हणजे तो चमकदार सूर्यपक्षी, फुलाफुलांत चोच घालताना दिसतो. फुलं येईपर्यंत शेवग्याला पाणी बेताचंच असावं, नाहीतर पाला वाढतो. शेंगा बोटभर झाल्या की थोडं पाणी वाढवा. पडलेली ताजी फुलं वेचून भाजी करता येते. झाडावरची सगळी फुलं मात्र काढू नका. आणि कुंपणाच्या फांदीवर छोटंसं, एकाच पोळीचं मोहोळ दिसलं तर ते फुलोरी माशीचं. धूर करून ते उठवू नका. दोडका, काकडी, भोपळ्याला फळ धरवणारी हीच मंडळी.

मोगऱ्याची खूण त्याच्या नव्या फुटीत. मोगऱ्याच्या कळ्या येतात त्या नव्या फांदीच्या टोकाला. म्हणून जानेवारीत छाटणी झाली नसेल आणि झाड अजून झोपलेलं असेल, तर आता लगेच जुनी, वाळकी काडी छाटा, खत घाला, पाणी द्या. चैत्रात गजऱ्याला फुलं मिळतील. हळदी-कुंकवाला घरची फुलं असली तर तेवढेच पैसे वाचतात, आणि जास्त झाली तर विकताही येतात.

तुळस थंडीत काळवंडते, पानं झाडते. खालच्या काडीवर हिरवे ठिपके दिसले की ती सावरली. सुकलेल्या मंजिऱ्या खुडून घ्या, बी जपून ठेवा. मंजिऱ्या खुडल्या की झाड पानांवर येतं.

आणि एक खूण सगळ्या झाडांसाठी. जास्वंद, वांगी, लिंबू कशाच्याही खोडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा. ते गोड चिकट रस सोडतात, त्यासाठी मुंग्या जातात. कोवळ्या पालवीवर या दिवसांत ही कीड लवकर वाढते. सुरुवातीला नुसतं जोरात पाणी मारून, बोटानं पुसून काम भागतं. वाढली असेल तर निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी पिळून गाळा, पाणी घालून एक लिटर करा, चिमूटभर साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा.

कान देऊन ऐकायच्या खुणा

काही खुणा ऐकूही येतात. भांड्यावर हातोडी मारल्यासारखा टुक-टुक-टुक आवाज दुपारभर येऊ लागला तर तो तांबट पक्षी. थंडी सरू लागली की तो बोलका होतो आणि शेवग्यासारख्या मऊ लाकडाच्या वाळक्या फांदीत घरटं कोरतो. जळणासाठी फांदी तोडायच्या आधी तिला गोल भोक आहे का, बघून घ्या.

त्यानंतर कोकीळ. कुहू-कुहू करतो तो नर, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. कोकिळा ठिपक्याठिपक्यांची असते. ती अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. म्हणून कावळा काटक्या गोळा करू लागण्याच्या काळातच कोकिळाची तान वाढते. कडुनिंबाला तांबूस पालवी, पिंपळाला गुलाबी लसलशीत पानं आणि कोकिळाची तान हे सगळं जुळलं की आपली सुरुवातीची मुदत संपली. आता ऊन चढणार. या वेळेपर्यंत उन्हाळी बी पेरलेलं आणि आच्छादन घातलेलं असायला हवं.

पाण्याचा हिशेब

आता हे सगळं हंड्याच्या भाषेत सांगतो. ज्यांचा काळ संपला ती मेथी, कोथिंबीर, पालक: बियांची रोपं सोडून पाणी बंद. ज्यांना धीर हवा तो आंबा: कैरी वाटाण्याएवढी होईपर्यंत पाणी नाही. शेवग्याला शेंग धरेपर्यंत बेतानं. ज्यांना आता हवं तो पालवीवर आलेला लिंबू, कढीपत्ता, छाटलेला मोगरा आणि उगवलेली उन्हाळी भाजी: पाणी सुरू.

पाणी कमीच असेल तर सगळं पेरू नका. गवार आणि चवळी कमी पाण्यात तग धरतात. वेल लावायचे तर एक दोडका, एक दुधी, एक काकडी घराला पुरे. वेलाच्या मध्ये न भाजलेल्या मातीचं नव्हे, भट्टीत भाजलेलं पण रंग न लावलेलं, पाझरणारं जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरा. भोवती चार बिया टोबा, मडक्यात पाणी भरा आणि तोंडावर झाकण ठेवा. पाणी झिरपत मुळांपर्यंत जातं, वर वाया जात नाही.

वेलांची पहिली फुलं गळाली तर घाबरू नका. सुरुवातीला नर फुलं येतात. ज्या फुलामागं इवलंसं फळ दिसतं ते मादी फूल. माश्या कमी असतील तर नर फूल तोडून मादी फुलात हलकेच फिरवा. काकडी-भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं आणि दुधी-दोडक्याचं संध्याकाळी, तेव्हा वेळ बघून करा.

आणि पानगळीचा पाला पेटवू नका. झाडांनी तो आपल्याला आयताच दिलेला असतो. आळ्यात चार बोटं जाड पसरा. जमीन तापत नाही, ओल टिकते, पाणी कमी वेळा घालावं लागतं. पाला खोडाला चिकटवू नका आणि वाळवीवर लक्ष ठेवा. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी थेट वाफ्याला चालतं. साबणाचं पाणी पालेभाजीला घालू नका.

कॅलेंडरवर एक ओळ

आता शेवटची, पण मोठी गोष्ट. ऋतू पूर्वीसारखा ठरल्या वेळी येत नाही, असं आपण सगळ्या म्हणतो. देशभराच्या कमाल तापमानाची सरासरी पाहिली तर २०२३ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली, ती अनेकींना आठवत असेल. अशा दिवसांत मागच्या वर्षीच्या तारखेनं चालून भागणार नाही. आपल्या गावात काय घडतंय, याची नोंद आपल्यालाच ठेवावी लागेल.

त्यासाठी वेगळी वही नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब आणि गॅसच्या टाकीची तारीख लिहितोच. त्याच चौकोनात दोन शब्द लिहा: 'आंबा मोहोर', 'तेल पातळ', 'कोकीळ ओरडला', 'लिंबू फुलला', 'पहिली शेंग'. लिहिता येत नसेल त्या मावशींनी खूण सांगावी आणि नातीनं लिहावी. वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत घालू नका.

गटाच्या महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले की पाच मिनिटं याला द्या. दहा जणींनी दहा झाडं वाटून घ्या, एकीकडे एक झाड. गावाच्या वरच्या आळीत मोहोर कधी, ओढ्याकाठी कधी, हे ताडून बघा. ज्या आजीबाईंनी साठ वसंत बघितलेत त्यांना विचारा, पूर्वी हा शेवगा कधी फुलायचा. त्यांचं उत्तरही लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की भेंडी कधी टोबायची, आंब्याचं पाणी कधी तोडायचं, हे आपल्या गावापुरतं आपल्यालाच सांगता येईल. कृषी सहायकांशी बोलतानाही हातात नोंद असली की बोलणं नेमकं होतं.

तर मैत्रिणींनो, उद्या सकाळी पाण्याची कळशी उचलण्याआधी परसात एक फेरी मारा. हात रिकामा ठेवून. आंब्याचं टोक, कोथिंबिरीचं पान, लिंबाची पालवी, खोडावरच्या मुंग्या, एवढं बघा. मग ठरवा, आजची पहिली कळशी कोणाला. आणि तुमच्या परसात यातली कोणती खूण आधी दिसली, ते गटाच्या बैठकीत नक्की सांगा. पुढच्या गप्पांमध्ये आपण उन्हाळी वाळवणाबद्दल बोलू. तोवर नमस्कार.